हेडलाइट चालू

सुधाकररावांच्या मोटरसायकलचा हेडलाइट दिवाळीपासून मान हलवत होता. गाडी खड्ड्यात उतरली की तो खाली बघायचा, वर आली की आभाळाकडे. बेल्याच्या बाजारातून अंधारात परतताना सुधाकररावांना रस्त्याकडेच्या झाडांचे शेंडे लख्ख दिसत, रस्ता तेवढा दिसत नसे. समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत उजेड गेला की ते शिव्या देत, आणि सुधाकरराव त्यांना मागे वळून उलट शिव्या देत. तेवढ्यात पुढचा खड्डा येई.

"मिस्त्रीकडे न्या," असं बयनाबाई महिनाभर सांगत होत्या. पण मिस्त्री या जातीवर सुधाकररावांचा विश्वास नव्हता. घरातली प्रत्येक वस्तू ते स्वतः दुरुस्त करत. त्यांनी दुरुस्त केलेला पंखा तेव्हापासून फक्त पाचावर फिरे, आणि त्यांनी दुरुस्त केलेला नळ बंद करायला दोन माणसं लागत. तरी पाना हातात आला की त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज चढे की अडवायची सोय नसे.

रविवारी सकाळीच त्यांनी अंगणात गाडी स्टँडवर लावली, बनियनवर बसले आणि हत्यारांचा डबा उपडा केला.

"अवो, आज पावने येऊन राह्यले," बयनाबाई दारातून म्हणाल्या. "आज तरी तो पाना ठेवा."

"पावन्यासाठीच करून राह्यलो. संध्याकाळी त्याईले फाट्यावर सोडून द्या लागन. काय झाडाचे शेंडे दाखवत नेऊ?"

"ते दुपारी येतीन, अन् तुमी तवा बी इथंच बसून राहान."

"दोन आटे आवळले का झालं! हे काय मानसाचं ऑपरेशन हाय?"

पाहुणे साधेसुधे नव्हते. पूनम, त्यांची एकुलती एक मुलगी, बोथच्या शाळेत शिकवायची. तिथेच शेती खात्यात वेणू नावाचा तेलुगू मुलगा होता. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि पूनमने घरी शांतपणे सांगून टाकलं होतं की लग्न करीन तर याच्याशी, नाही तर मला शाळा बरी. मुलगा चांगला, घर चांगलं, शेती चांगली. सुधाकरराव अडले होते ते एकाच गोष्टीवर. "आपून त्याईच्या घरी जाऊ, तं बोलू काय?" ते रात्री बायकोला म्हणाले होते. "उद्या नातू होईन, तो माह्याशी तेलुगूत बोलन. मी काय त्याच्याकडं नुसता पाहात बसू?" पण ही भीती पूनमला कळू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सांगायला सुरुवात केली, की मला तेलुगू येतं.

वेणूला सुटी मिळाली नव्हती, म्हणून आज त्याचे वडील पोशन्ना एकटेच येणार होते. निर्मलच्या पलीकडच्या एका खेड्यातले शेतकरी. त्यांनी घर बघायचं, माणसं बघायची आणि हो की नाही ते सांगायचं, असं ठरलं होतं.

"बाबा, त्याईले हिंदी बराबर येत नाई," पूनम म्हणाली. "मी बाजूले बसतो अन् सांगत जातो."

"काई गरज नाई. पोरगी मधात बसून बोलते, हे बरं दिसते का? बोलावल्याबिगर बाहीर येऊ नको. माही अर्धी जिंदगी तेलुगूत गेली."

ती अर्धी जिंदगी तेलुगू साहेबांच्या कचेरीच्या रांगेत गेली होती. तिथे त्यांनी तीन शब्द पक्के केले होते. लेदु म्हणजे नाही, वद्दु म्हणजे नको, आणि रेपु रा म्हणजे उद्या ये. शिवाय बसमध्ये ऐकून अम्मायी म्हणजे मुलगी, हे त्यांना ठाऊक होतं. एवढ्या भांडवलावर ते मुलीचं लग्न ठरवायला निघाले होते.

पाहुणा मराठी रीतीप्रमाणे उशिरा येईल, हा अंदाज पहिल्यांदा चुकला. सुधाकरराव हेडलाइटचा डूम मांडीवर घेऊन, तोंडात बोल्ट धरून बसले असताना फाटकात पांढरंशुभ्र धोतर नेसलेला, मिशीवाला, उंच माणूस उभा राहिला.

"सुधाकरराव गारु?" त्याने अदबीने विचारलं.

सुधाकररावांनी तोंडातला बोल्ट हातावर घेतला, काळे हात जोडले आणि उठायला गेले. डूम मांडीवरून घसरला. पोशन्नांनी चपळाईने वाकून तो वरच्यावर धरला, आणि धरला तो धरलाच. माणूस कामाचा होता. त्यांनी डूम गाडीला लावून बरोबर जागेवर नेला, मानेनेच खूण केली, की मी धरतो, तुम्ही आवळा.

पाहुण्याला काम लावणं वाईट, आणि हातातलं काम टाकून "बसा" म्हणणं त्याहून अवघड. सुधाकररावांनी मधला मार्ग काढला. "बयनाबाई, पानी आना!" असं ओरडून ते दहा नंबरचा पाना घेऊन उजव्या बोल्टवर बसले. डूमला दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा एकेक कान असतो, त्यातून बोल्ट जातो. तेवढा घट्ट बसला की झालं.

बोल्ट बसला. पोशन्नांनी डूम हलवून पाहिला. हलला नाही.

"चालू," ते म्हणाले.

सुधाकररावांना बरं वाटलं. पाहुण्याला मराठी येत होतं! त्यांनी काम चालू ठेवलं. आणखी एक आटा.

"चालू, चालू!" पोशन्ना जरा जोरात म्हणाले.

पाहुण्याला आपला हात किती घट्ट आहे हे बघायचंय, असं सुधाकररावांना वाटलं. त्यांनी एक पाय गाडीच्या चाकाला लावला, दात आवळले आणि पान्यावर सगळा भार टाकला.

"चालू! चालू! चालू!" पोशन्ना अक्षरशः ओरडले.

"चालूच हाय, मालक!" सुधाकररावही ओरडले आणि त्यांनी शेवटचा हिसका दिला. कट्‌ असा आवाज झाला. डूमचा कान तुटून कोंबड्यांच्या खुराड्यात गेला आणि डूम पोशन्नांच्या हातात आला.

खुराड्यातल्या कोंबड्या ओरडू लागल्या. दुसरा कोणी असता तर सुधाकररावांनी त्याला फाटकाबाहेर काढला असता. स्वतःच चालू चालू म्हणून माणसाला चढवायचं आणि मोडल्यावर असं तोंड करून बघायचं, की जणू मीच येडा! पण हा होणारा व्याही. व्याह्याला बोलायची सोय नाही. ते कसनुसे हसले आणि "काई हरकत नाई," म्हणाले. पोशन्नाही कसनुसे हसले. त्यांनी डूम हळूच वायरींवर लटकत सोडला आणि धोतराला लागलेलं ऑइल कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने पाहिलं.

"मोडला ना?" बयनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"चूप बस. पावने म्हनले म्हनून मोडला."

"पावने काऊन म्हनतीन, का तुमची गाडी मोडा?"

"मंग मी काय खोटं बोलून राह्यलो?"

जेवायला पुरणपोळी होती. पूनम आत लाटत आणि भाजत होती, बयनाबाई वाढत होत्या. पोशन्नांनी दोन पोळ्या आवडीने खाल्ल्या. तिसरी आली तेव्हा ते मान डोलावून म्हणाले, "चालू, अम्मा."

अम्मा म्हटलेलं बयनाबाईंना फार आवडलं. त्यांनी तिसरीवर तुपाची वाटीच पालथी केली आणि चौथी आणायला आत वळल्या.

चौथीला पोशन्नांनी ताटावर हात धरला. "चालू, अम्मा! चालू, चालू!"

"अवो, हे तोंडानं चालू म्हनते अन् हातानं नाई म्हनते," बयनाबाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या.

"लाजून राह्यले. नवीन सोयरे हायेत. तू वाढ."

आमच्याकडे पाहुण्याचा हात ताटावर आडवा आला, की तो हात बाजूला करणं हा यजमानाचा धर्म असतो. बयनाबाईंनी धर्म पाळला. पाचवी पोळी त्यांनी बोटांच्या फटीतून सरकवली. पोशन्नांच्या कपाळावर घाम आला. ते दीनवाण्या चेहऱ्याने "चालू, चालू" म्हणत राहिले, आणि ते जितके म्हणत तितक्या पोळ्या येत. शेवटी त्यांनी वेगळीच युक्ती केली. ते ताट घेऊनच उठले.

"कसं जेवले बाप्पा!" बयनाबाई आत जाऊन पूनमला म्हणाल्या. "अजून बी चालू चालूच म्हनत होते. तुह्या सासरी पीठ लय लागन."

पूनम तव्याच्या धुरात खोकत होती. तिने अर्धवट ऐकून पुढची पोळी तव्यावर टाकली.

जेवण झाल्यावर पोशन्नांना पलंगावर बसवलं. बसवलं म्हणजे ते मागे रेलून, पोटावर दोन्ही हात ठेवून, छताकडे पाहत राहिले. सुधाकरराव समोर खुर्चीवर बसले. जेवणाच्या आधी त्यांनी डूम सुतळीने बांधून बघितला होता आणि तो जमला नव्हता, म्हणून जेवण होताच पाना पुन्हा हातात आला होता. बाहेर वायरींना लटकलेला हेडलाइट वाऱ्याने हलत होता. आता मुद्द्याचं बोलायची वेळ आली होती. त्यांनी आपली हिंदी बाहेर काढली.

"पोशन्नाजी, आपकी कुछ अपेक्षा? मांगना? बोलो. साफ बोलो."

पोशन्नांना मांगना एवढं कळलं. ते कष्टाने सरळ झाले. प्रश्न मोठा होता, आणि मोठ्या प्रश्नाचं उत्तर माणूस आपल्याच भाषेत देतो. त्यांनी छातीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, पोळ्यांनी की भावनेने ते सांगता येत नाही.

"माकु एमी वद्दु," ते म्हणाले. "माकु अम्मायी चालू."

सुधाकरराव थिजले. आज पहिल्यांदाच त्यांना समोरच्या माणसाचं तेलुगू एवढं कळलं होतं. वद्दु म्हणजे नको. अम्मायी म्हणजे मुलगी. आणि चालू म्हणजे काय, हे कुठल्या बापाला सांगावं लागत नाही.

"काय म्हनले?" बयनाबाईंनी विचारलं.

"म्हनते, आमाले नको," सुधाकरराव पाना घट्ट धरून म्हणाले. "म्हनते, पोरगी चालू हाय."

"कोनाची पोरगी?"

सुधाकरराव पान्यासकट उभे राहिले. "अम्मायी चालू? मेरी अम्मायी? चालू?"

आपलं म्हणणं पोहोचलं म्हणून पोशन्नांचा चेहरा उजळला. ते जोरजोरात मान डोलवत म्हणाले, "हां, हां! चालू! अम्मायी चालू!"

"वरून हासते!" बयनाबाई कडाडल्या. "माह्या हातच्या पाच पोळ्या खाल्ल्या, अन् माह्याच पोरीले नावं ठेवते!"

"म्या पयलेच म्हनलं होतं!" सुधाकररावांनी पाना टेबलावर आपटला. "गाडी मोडवली, ते सोसलं! भरलं ताट घेऊन उठले, ते सोसलं! आता नाई सोसत! उठा! उठो! रेपु रा! नाई, रेपु बी नको रा!"

पोशन्ना उठले. काही कळलं नसलं तरी रेपु रा हे त्यांच्याच भाषेत होतं, आणि ज्याच्या हाताशी पाना आहे त्याच्याशी वाद घालू नये, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. त्यांचा चेहरा मात्र पार पडला होता. मुलाला घरी जाऊन काय सांगायचं, हे त्यांना समजत नव्हतं.

तेवढ्यात पूनम हातातल्या लाटण्यासकट बाहेर आली.

"बाबा! काय झालं? ते काय म्हनले?"

"ते माह्या तोंडानं मी नाई सांगत!"

"तुमी नका सांगू. त्याईचेच शब्द सांगा."

सुधाकररावांनी डोळे मिटून, विष घ्यावं तसे ते शब्द उच्चारले. "माकु एमी वद्दु. माकु अम्मायी चालू."

पूनमने आधी बापाकडे पाहिलं, मग पोशन्नांकडे. मग ती भिंतीला टेकली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, तेलुगूत चालू म्हंजे पुरे. ते म्हनले, आमाले काईच नको. आमाले तुमची पोरगी पुरे."

सुधाकरराव खुर्चीवर बसले. खरं म्हणजे पडले. हुंडा नको, दागिना नको, नुसती मुलगी द्या, एवढं मोठं बोलणाऱ्या माणसाला त्यांनी नुकतंच घराबाहेर काढलं होतं. त्यांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. मग हळूहळू त्यांचा चेहरा आणखी पडत गेला.

"म्हंजे सकाळी, बोल्टाच्या टायमाले..."

"पुरे पुरे म्हनत असतीन," पूनम म्हणाली.

बयनाबाईंनी तोंडावर पदर धरला. "अन् पोळ्याच्या टायमाले? माय वो! मानूस पुरे पुरे म्हनून राह्यला अन् मी कोंबून राह्यलो!"

पूनमने पोशन्नांना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकताना त्यांच्या मिश्या थरथरू लागल्या. मग ते पोट धरून हसले, आणि पोटात फारशी जागा नसल्यामुळे लगेच थांबले. त्यांनीही मनातलं सांगितलं. सकाळपासून त्यांना वाटत होतं की या घरात जे करू नका म्हणावं ते हमखास करतात, आणि आपला मुलगा या सासुरवाडीला आला तर खाऊन खाऊन मरेल. पण आत्ता समजावताना मुलीने वेणूचं नाव घेतलं तेव्हा तिचा चेहरा कसा उजळला, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्यासाठी तेवढं चालू होतं.

सुधाकररावांनी उठून त्यांचे दोन्ही हात धरले. दोघे नुसते एकमेकांचे हात हलवत उभे राहिले. पूनमने मग दोघांनाही धडा दिला. बाबांनी लक्षात ठेवायचं, की ते चालू म्हणाले की थांबायचं. आणि पोशन्नांनी दोन मराठी शब्द शिकायचे. चालू म्हणजे थांबू नका, पुढे जा. आणि पुरे म्हणजे पुरे. दोघांनी ते शब्द शाळेतल्या पोरांसारखे घोकले.

संध्याकाळी सुधाकररावांनी डूम बयनाबाईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने करकचून बांधला. तो आता आभाळाकडे बघत नव्हता, पण नेमका पुढच्या चाकावर उजेड पाडत होता. मागे बसलेल्या पोशन्नांनी मोबाइलची बॅटरी सुधाकररावांच्या खांद्यावरून पुढे धरली. त्या उजेडात कापसाच्या गाड्या चुकवत दोघे फाट्याकडे निघाले.

फाटा दिसू लागला. निर्मलकडे जाणारी शेवटची बस उभीच होती, पण कंडक्टरने शिटी मारली होती. पोशन्नांनी बस पाहिली आणि व्याह्याच्या भाषेत बोलायची संधी साधली.

"चालू!" ते ओरडले.

सुधाकररावांनी कचकन ब्रेक दाबला. आज दिवसभरात जे चुकलं होतं ते आता चुकणार नव्हतं. "थांबलो," ते नम्रपणे म्हणाले.

"चालू! चालू!" पोशन्नांनी त्यांची पाठ थोपटली.

सुधाकररावांनी गाडी बंद केली.

"चालू! चालू! चालू!"

सुधाकररावांनी किल्लीच काढून खिशात ठेवली आणि हात जोडले. समोर बस धूर सोडत वळली आणि निघून गेली. पोशन्ना तिच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत राहिले. त्यांनी हळूच मोबाइलची बॅटरी बंद केली.

दोघे घरी परतले तेव्हा बयनाबाई ओसरीवर उभ्या होत्या. पूनम मागच्या अंगणात वेणूला फोनवर दिवसभराची हकीकत सांगत होती, आणि तिचं हसणं इथपर्यंत ऐकू येत होतं.

"गाडी हुकली व्हय? बरं झालं," बयनाबाई म्हणाल्या. "मुक्काम करा. पोळ्या उरल्याच हायेत."

पोळ्या हा शब्द पोशन्नांना आता चांगलाच समजत होता. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, डोळे मिटले आणि पूनमने शिकवलेला दुसरा शब्द आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. तो आठवला. शेवटचा स्वर तेवढा जरा इकडचा तिकडे झाला.

"पूरी!" ते कळवळून म्हणाले. "अम्मा, पूरी! पूरी, पूरी!"

बयनाबाई गोंधळल्या. दिवसभराच्या अनुभवाने त्या शहाण्या झाल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आता काय म्हनते?"

सुधाकररावांनी घाई केली नाही. त्यांनी पोशन्नांचे पुढे केलेले हात पाहिले, चेहरा पाहिला, शब्द मनात दोनदा घोळवला आणि मग त्यांना हायसं वाटलं.

"हे तं साधं मराठीच हाय," ते म्हणाले. "पोळ्याईनं कटाळले, पुऱ्या मागून राह्यले. ठेव कढई."